कोलकात्याची ट्राम काँक्रीटमुळे संपली, हे कितपत खरं?

डांबरट (धागाकर्ता):
कोलकात्याच्या ट्रामचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रूळ काँक्रीटमध्ये घातले आणि ट्रामची वाट लागली." परवा एका व्हॉट्सॲप गटावर तेच वाचलं. तिथे सुप्रभातांच्या गर्दीत वाद कोण घालणार, म्हणून इथे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोलकात्यात घोड्यांची ट्राम १८७३ साली सुरू झाली, विजेची १९०२ साली. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच मार्गांवरचे खडी-स्लीपरवरचे रूळ काढून काँक्रीटवर नवे बसवले. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की मैदान (शहराच्या मधलं मोठं मोकळं पटांगण) ते एस्प्लनेड (त्याच्या शेजारचा मध्यवर्ती भाग) एवढा तुकडा वारसा म्हणून ठेवायचा, बाकी ट्राम बंद. यावरची न्यायालयीन लढाई वेगळी, तो या धाग्याचा विषय नाही.

माझं मत असं की काँक्रीटचा पाया हा त्या सगळ्या प्रकरणातला एकमेव शहाणपणाचा निर्णय होता. खडीवरचा रूळ चाकाखाली किंचित दबतो आणि परत वर येतो. मोकळ्या रेल्वेमार्गावर यात काही बिघडत नाही, गँगमन येऊन पॅकिंग करून, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोकून, पातळी आणतात. रस्त्यातल्या रुळाला मात्र दोन्ही बाजूंनी डांबर किंवा दगड चिकटलेला असतो. रूळ हलतो आणि फरसबंदी हलत नाही, त्यामुळे दोन्हींमधली फट उघडते आणि पावसाचं पाणी आत जातं. कोलकात्याखाली गाळाची मऊ माती आहे. पाणी मुरलं की चाकाच्या प्रत्येक दाबासरशी चिखल खडीत वर चढतो आणि खडीचा लगदा होतो. मग पॅकिंगसाठी दर वेळी रस्ता फोडा. त्यातून वरून ट्रक आणि बसही जाणार.

स्लॅब टाकला की भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. चिखलावर फळी टाकून चालण्यासारखंच. रुळांमधलं अंतर कायम राहतं आणि फट उघडत नाही. ट्राम मेली असेल तर ती वाहतूक पोलीस आणि मंत्रालय यांच्यामुळे. सिमेंटला कशाला फासावर चढवता?

गिरगावकर:
आमच्या मुंबईत ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. तेव्हा काँक्रीटचा प्रश्नच नव्हता, तरी मेलीच की. रूळ उखडण्यापेक्षा गाडणं स्वस्त म्हणून कित्येक ठिकाणी वर डांबर ओतून मोकळे झाले. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनजवळ काम चालू असताना ते पुन्हा सापडले, तर सगळे फोटो काढायला धावले. म्हणजे रूळ चांगले टिकले होते. टिकली नाही ती ट्राम. पायाची चर्चा चालू द्या, मी बसलोय.

मधुरा_बालीगंज:
डांबरट साहेब, तुमचं इंजिनिअरिंग मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. माझं सासर कोलकात्यातलं, लग्नानंतर कित्येक वर्षं ट्रामने फिरले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

रासबिहारी ॲव्हेन्यूच्या मधोमध ट्रामचा स्वतंत्र पट्टा होता. त्यावर कोणी मोटार घालत नसे, आणि ती काही शिस्त नव्हती. घातली असती तर खडीवर आपटून गाडीचं ऑइल चेंबर फुटलं असतं. खडीमुळे ट्रामला फुकटची राखीव वाट मिळाली होती, तिथे ना पोलीस लागायचा ना पाटी. काँक्रीट करताना तो पट्टा रस्त्याच्या पातळीला आणला आणि टॅक्सी, मिनीबस, ऑटो सगळे त्यावर चढले. पूर्वी पट्ट्याच्या कडेला उभं राहून ट्राम पकडता यायची. नंतर फुटपाथवरून हात दाखवायचा, दोन रांगा गाड्यांमधून धावायचं आणि नशीब असेल तर चढायचं. साडी नेसलेल्या माझ्या सासूबाईंनी त्याच सुमारास ट्राम सोडली, आणि त्या एकट्या नव्हत्या.

आता गंमत बघा. गाड्या ट्रामच्या वाटेत आल्या म्हणून ट्राम रखडली. रखडली म्हणून प्रवासी कमी झाले. मग सरकार म्हणालं, ट्राम संथ आहे, वाहतूक अडवते, दुचाकी रुळांवरून घसरतात, बंद करा. या साखळीची पहिली कडी काँक्रीटच होती. ते "बरोबर" होतं म्हणूनच ते इतकं सोयीचं ठरलं.

शेवटही त्याच सपाटपणाने झाला. रस्त्याच्या पातळीतला रूळ झाकायला एक रात्र आणि डांबराची एक गाडी पुरते. असे रूळ झाकले जाऊ लागले तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयावर ते थांबवायचा आदेश द्यायची वेळ आली. उघड्या खडीवर आधी भराव टाकावा लागला असता. तेवढ्यात चार लोक जमले असते.

डांबरट:
मधुराताई, तुम्ही पाया आणि वरची फरशी यांची गल्लत करताय. स्लॅब खाली असतो. वर काय घालायचं आणि ते किती उंचीवर ठेवायचं, हा पूर्ण वेगळा निर्णय आहे. फ्रान्समध्ये नांतने १९८५ ला, ग्रेनोबलने १९८७ ला आणि स्ट्रासबुर्गने १९९४ ला ट्राम परत आणली. तिकडचे रुळांमधल्या हिरवळीचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या हिरवळीखाली बहुतेक ठिकाणी काँक्रीटच असतं, कुठे सलग स्लॅब, कुठे प्रत्येक रुळाखाली लांब बीम. वर माती आणि गवत. तिथे कोणी गाडी घालत नाही आणि रूळही हलत नाही. कोलकात्यात हेच करता आलं असतं. पट्टा रस्त्यात मिसळायचा हे धोरण आधी ठरलं, काँक्रीट हे नुसतं हत्यार. मिसळायचंच ठरलं असतं तर पेव्हर ब्लॉक घालूनही मिसळला असता.

लेकशोअर:
टोरांटोहून लिहितोय. इथे या प्रश्नाची दोन्ही उत्तरं रस्त्यावर पाहायला मिळतात.

इथली ट्राम १९६६ मध्ये बंद करायची ठरली होती, १९७२ मध्ये निर्णय फिरला. त्या काळात आणि नंतरही काही वर्षं रूळ स्वस्तात घातले गेले: लाकडी स्लीपर आणि वर थेट ओतलेलं काँक्रीट. रूळ आणि काँक्रीट यांच्यामध्ये रबर नाही, सांधे नीट वेल्ड केलेले नाहीत. ट्रामचे हादरे सरळ काँक्रीटमध्ये. थोड्याच वर्षांत कडा फुटल्या. म्हणजे काँक्रीट होतं, तरी काम वाईटच.

१९९० च्या दशकात पद्धत बदलली. आता तीन थर. सगळ्यात खाली पायाचा स्लॅब, मधल्या थरात लोखंडी स्लीपर, वरच्या थरात रबराच्या वेष्टनात बसवलेला रूळ. झिजला की फक्त वरचा थर फोडायचा, खालचे दोन तसेच. धागाकर्त्यांनी "स्लॅब टाकला की झालं" असं लिहिलंय, ते अर्धं सत्य आहे. स्लॅब टाकतानाच तो पुढच्या वेळी कसा फोडायचा हे ठरवावं लागतं. एकसंध ओतलेल्या काँक्रीटमधून वळणावरचा झिजलेला रूळ काढायला लागला की ब्रेकरवाला सोडून बाकी सगळे रडतात.

मधुराताईंच्या मुद्द्यावर: सेंट क्लेअर ॲव्हेन्यूवर काँक्रीटचाच पट्टा आहे, पण आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा थोडा उंच. मोटारी त्यावर जात नाहीत, अग्निशमनाची गाडी जाऊ शकते. अर्थात तो बांधताना दुकानदारांनी आकाशपाताळ एक केलं होतं आणि काम २०१० पर्यंत लांबलं.

निवृत्त_जेई:
रस्ते खात्यात नोकरी झाली. या चर्चेत सगळे वरून बघताहेत, खाली काय आहे ते कोणीच विचारत नाही.

मध्य कोलकात्यात एकोणिसाव्या शतकातली विटांची गटारं आहेत. पाणी, गॅस, टेलिफोन सगळं रस्त्याखाली. खडीचा रूळ असेल तर रात्री स्लीपर बाजूला करून, चर खणून, सकाळी परत बसवता येतं. स्लॅब असेल तर फोडा, दुरुस्ती करा, पुन्हा ओता आणि क्युअरिंगची, म्हणजे ओलं ठेवून काँक्रीट पक्कं होण्याची, वाट बघा. काँक्रीटची पूर्ण ताकद धरायची तर अठ्ठावीस दिवस. लवकर घट्ट होणारी मिश्रणं आहेत, पण ती मागवणारा अधिकारी आणि टेंडर भरणारा ठेकेदार दोघांनाही त्याची ओळख हवी. आपल्याकडे रस्ता आधी होतो आणि जलवाहिनीवाले मागाहून परवानगी घेऊन येतात. मुंबईच्या नव्याकोऱ्या काँक्रीट रस्त्यांवरचे चर पाहिलेत ना?

परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. एडिनबरात प्रिन्सेस स्ट्रीट २००९ मध्ये रुळांसाठी बंद केला. रूळ घातले, एकही ट्राम धावायच्या आत रुळांलगतचा रस्ता फुटू लागला. २०११ मध्ये तो पुन्हा बंद करून काम परत केलं. रस्त्याखालच्या वाहिन्या हलवण्यात वर्षं गेली. ट्राम धावली २०१४ ला, खर्च गेला ७७ कोटी पौंडांवर. पैसा आणि तज्ज्ञ असलेल्या शहराची ही कथा.

डांबरट:
जेई साहेब, एडिनबराचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे रुळाशेजारची फरसबंदी फुटली. रूळ-फरसबंदीचा सांधा हेच दुखणं, हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय. वाहिन्यांचं म्हणाल तर त्यावर काम चालू आहे. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीत हलक्या ट्रामसाठी सुमारे ३० सेंटीमीटर जाडीचा तयार स्लॅब करून पाहिलाय. खोदाई इतकी उथळ की बहुतेक वाहिन्या हलवायलाच लागू नयेत.

निवृत्त_जेई:
हलक्या ट्रामसाठी. कोलकात्यात त्याच रुळावरून वाळूचा ओव्हरलोड डंपर जाणार. त्याच्या एका आसाचा भार धरा, मग ३० सेंटीमीटर बोला.

विद्युत_वारा:
एक मुद्दा सुटतोय. ट्रामला वरच्या तारेतून साधारण ५५० व्होल्टचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह मिळतो आणि तो परत जातो रुळातून. रूळ ओल्या काँक्रीटला थेट चिकटला असेल तर प्रवाह वाट चुकतो आणि स्लॅबमधल्या सळया किंवा शेजारची लोखंडी पाइपलाइन पकडतो. जिथून तो धातू सोडून बाहेर पडतो तिथे गंज. वर्षातले काही महिने पाण्यात बुडणाऱ्या शहरात तर फारच. लेकशोअर म्हणतात ते रबराचं वेष्टन आवाजापुरतं नाही, विजेलाही तेच अडवतं. ते नसेल तर स्लॅब आतून कुजतो आणि वरून चकाचक दिसतो.

गिरगावकर:
अवांतर: आतून कुजलेलं आणि वरून चकाचक, हा धागा राजकारण विभागात हलवावा का?

मधुरा_बालीगंज:
:)

डांबरट साहेब, तुमच्या हिरवळीवर परत येते. गवताखाली काँक्रीट घालता येतं हे मला आता कळलं, छान आहे. पण तुम्ही ज्या निर्णयाला शहाणपणाचा म्हणताय तो कोलकात्यात प्रत्यक्ष झालेला निर्णय आहे, स्ट्रासबुर्गमधला नाही. इथे पाया आणि फरशी एकाच कंत्राटात, एकाच पातळीत आली. लोकांना ती वेगवेगळी मिळालीच नाहीत. माझ्या सासूबाईंना "पाया उत्तम होता हो" असं सांगून काय उपयोग? सेंट क्लेअरसारखी उंच कड असलेला काँक्रीटचा एक तरी पट्टा कोलकात्यात दाखवा, मग मी माघार घेते.

डांबरट:
राखीव पट्टा हवा ना? मैदानातला खिदिरपूरचा मार्ग घ्या. झाडांतून, गवतातून, एकही मोटार वाटेत नाही. तरी २०२० च्या अम्फान वादळानंतर तो बंद पडला तो पडलाच. राखीव वाट असूनही कोणी वाचवला नाही. मग दोष पातळीचा कसा?

मधुरा_बालीगंज:
तो वादळाने बंद पाडला आणि सरकारने उचलला नाही, हे खरं. पण वारसा म्हणून ठेवायचा तुकडा निवडताना सरकारने बोट ठेवलं ते मैदानावरच. आणि तिथे तुमचा स्लॅब नाही, डांबरट साहेब.