यी चिंग : ‘थाय’मधून ‘लिन’ निघाली, मग ‘फी’चे काय करायचे?

प्रश्न
‘यी चिंग’ या कौल घेण्याच्या प्राचीन चिनी ग्रंथात अखंड व खंडित अशा सहा-सहा रेषांच्या ६४ आकृती आहेत. नाणी टाकून कौल घेतला तेव्हा मला ११वी आकृती ‘थाय’ (भरभराट) मिळाली आणि खालून तिसरी रेषा बदलती, म्हणजे अखंडची खंडित होणारी, असल्यामुळे तिच्यातून १९वी ‘लिन’ तयार झाली. परंतु ग्रंथात ‘थाय’ची जोडी १२व्या ‘फी’शी (कोंडी) लावलेली आहे, आणि एका टीकेत तिच्या पोटातली आकृती म्हणून ५४वी ‘क्वे मेइ’ सांगितली आहे. अर्थ लावताना यांपैकी कोणत्या नात्याला किती वजन द्यावे?

प्रतिसाद १
‘फी’शी असलेले नाते ग्रंथाच्या रचनेतले आहे, कौल कोणीही घेतला तरी ते बदलत नाही, ‘लिन’शी असलेले नाते मात्र तुमच्या त्या एका कौलातून जन्मले आहे. ६४ आकृतींच्या ३२ जोड्यांपैकी २८ जोड्यांत दुसरी आकृती म्हणजे पहिलीच उलटी धरलेली असते. उलटी करूनही तशीच राहणाऱ्या आठ आकृतींच्या उरलेल्या चार जोड्यांत अखंड रेषेच्या जागी खंडित आणि खंडितच्या जागी अखंड रेषा येते. ‘थाय’ आणि ‘फी’ यांना हे दोन्ही नियम लागू पडतात.

ही जुळणी केवळ चित्रांपुरती नाही, आणि मला तर यातच ग्रंथाचे खरे सौंदर्य दिसते. ४१व्या आकृतीच्या पाचव्या रेषेखाली मौल्यवान कासवाच्या लाभाचे जे वाक्य आहे, तेच ४२व्या आकृतीच्या दुसऱ्या रेषेखाली पुन्हा येते; ४१वी उलटी धरली की तिची पाचवी रेषा दुसरी होते. ६३व्याची तिसरी आणि ६४व्याची चौथी रेषा या दोहोंत क्वेइफांग या लोकांवरील तीन वर्षांच्या मोहिमेचा उल्लेख आहे, तोही याच हिशेबाने.

प्रतिसाद २
एक पुरवणी : क्रमांकाला फार चिकटू नये. १९७३ साली चीनमधील मावांगत्वे येथील थडग्यात सापडलेल्या रेशमी हस्तलिखितात आकृती वरच्या तीन रेषांनुसार आठ-आठच्या गटांत लावलेल्या आहेत आणि शेजारच्या जोड्या तिथे तुटतात. नाते आकृतींच्या घडणीत शोधावे.

प्रतिसाद ३
वजनाचा प्रश्न राहिला. ‘त्सो च्वान’ या प्राचीन चिनी इतिहासग्रंथात इ. स. पू. ६७२ च्या नोंदीत छन राज्यातील एका राजपुत्रासाठी घेतलेला जुना कौल सांगितला आहे. त्यात २०वी ‘क्वान’ बदलून ‘फी’ झाली. कौल वाचणाऱ्याने प्रथम ‘क्वान’च्या चौथ्या, म्हणजे बदलत्या, रेषेचे वचन म्हटले आणि त्यानंतरच वारा, आकाश, पृथ्वी यांच्या प्रतिमांतून बदलाचा अर्थ लावला. हाच क्रम आपणही धरावा, असे माझे मत आहे.

म्हणून तुम्ही ‘थाय’ची तिसरी रेषा आधी वाचा. तिचा आशय असा : उतार नाही असे सपाट नाही, परतणे नाही असे जाणे नाही. भरभराटीच्या आकृतीत तीन अखंड रेषा संपतात त्या काठावर हे वचन उभे आहे, त्यामुळे ‘फी’ची चाहूल त्यातच लागते आणि तिला वेगळे वजन देण्याची गरज उरत नाही. ‘लिन’ त्यानंतर, बदलाची दिशा म्हणून पाहावी.

पोटातली आकृती दुसरी ते पाचवी या रेषांतून बांधतात. वरच्या नोंदीत एक पर्वतही येतो. ‘त्सो च्वान’चे टीकाकार तू यू यांनी तो ‘फी’च्या दुसऱ्या ते चौथ्या रेषांतून दाखवला आहे. ती वाट जुनी आहे खरी, पण वचन वाचून झाल्यावर शंका उरली तरच मी तिकडे वळेन.