मदत हवी आहे : ‘दुद्रनेक’ या फ्रेंच आडनावाचा उगम आणि आजचे प्रमाण

सूचीकार
नमस्कार. ‘दुद्रनेक’ हे फ्रेंच आडनाव मुळात कुठले, त्याचा अर्थ काय आणि आज फ्रान्समध्ये ते किती लोक लावतात, एवढेच विचारायचे आहे. आंतरजालावर शोधले की त्या एकाच माणसाची तीच ती माहिती समोर येते. आडनावाविषयी एक ओळ सापडत नाही. मजकूर याच आठवड्यात छापखान्यात द्यायचा असल्यामुळे ‘ग्रंथालयात जाऊन पाहा’ हा सल्ला कृपया कोणी देऊ नये. ज्यांना फ्रेंच येते त्यांच्यासाठी हे पाच मिनिटांचे काम असावे.

मोडीवाचक
पाच मिनिटांत उत्तर हवे असेल तर प्रश्नात निदान रोमन अक्षरे तरी द्यायला हवी होती. आपण हे नाव मोडी कागदात वाचले की छापील इंग्रजी पुस्तकात, आणि तो कागद कोणत्या सालचा, हेही लिहिलेले नाही. आपल्याकडच्या लेखनिकांनी फ्रेंच नावे कानाला लागली तशी उतरवली आहेत. फ्रेंच सेनानी बुसीचा ‘मुसाबुसी’ झाला आणि निजामाच्या पदरच्या रेमोंचे नाव हैदराबादेत ‘मुसारामबाग’ म्हणून वस्तीला चिकटले. यातला ‘मुसा’ म्हणजे ‘मस्य’, फ्रेंचमधले ‘श्रीयुत’, हे ठाऊक नसलेला माणूस ते आडनावच समजेल. तेव्हा आधी मूळ रूप सांगावे.

सूचीकार
होळकरांच्या कवायती पलटणींचा दुद्रनेक, दुसरा कोणता असणार? १७९३ साली लाखेरीच्या लढाईत शिंद्यांच्या पदरच्या डी बॉयनने ज्याच्या पलटणी मोडल्या, तोच. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यांना हे ठाऊक असते, म्हणून लिहिले नाही. अक्षरे डी, यू, डी, आर, ई, एन, ई, सी अशी आहेत. इंग्रजी लेखनात ‘आर’ आणि त्यापुढचा ‘ई’ यांची उलटापालट होऊन ‘दुदर्नेक’ असेही रूप दिसते, परंतु त्याचा माझ्या प्रश्नाशी संबंध नाही.

कंपूप्रेमी
आपण दुद्रनेकच्या मागे का लागला आहात ते कळत नाही. या विषयात खरा रस डी बॉयनच्या नावात आहे. तो १७५१ साली शाँबेरी येथे जन्मला तेव्हा त्याचे आडनाव लबोर्न्य होते, आणि त्याचा अर्थ ‘एका डोळ्याचा’ असा होतो. असली टोपणनावे फ्रान्सभर गावोगाव स्वतंत्रपणे रूढ झालेली असल्यामुळे कोणत्याही दोन लबोर्न्य कुटुंबांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. याउलट ‘द ब्वान्य’, म्हणजे आपल्याकडचे ‘डी बॉयन’, हे रूप त्याने स्वतः धारण केले आणि त्याचा मुलगा शार्ल-अलेक्सांद्र याच्याकडून ते पुढच्या पिढ्यांत गेले. दुर्मिळ फ्रेंच आडनावाचा अभ्यास करायचाच असेल, तर उगम हातात असलेले असे नाव घ्यावे.

वंशावळवेडा
डी बॉयनला फ्रेंच आडनावांच्या यादीत सरळ बसवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की तो जन्मला तेव्हा सावोय प्रांत सार्डिनियाच्या राजाकडे होता आणि तो फ्रान्सला कायमचा जोडला गेला १८६० साली. त्यामुळे तिथली दप्तरे फ्रान्सच्या दप्तरांपेक्षा वेगळ्या पद्धतीने लिहिली गेलेली आहेत. अर्थात हा धागा दुद्रनेकचा आहे.

कंपूप्रेमी
माणूस फ्रेंच बोलत होता, फ्रेंच सैन्यात राहिला होता आणि फ्रेंच नाव लावत होता. दप्तर कोणाचे होते यावरून आडनावाची भाषा ठरत नाही.

रेनकर_मानसी
मी गेली काही वर्षे फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनीत, रेन शहरात राहते, त्यामुळे मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. या नावाचे ‘द्यु’ आणि ‘द्रेनेक’ असे दोन तुकडे करून पाहावे. ‘द्यु’ हा फ्रेंच शब्दयोग ‘द’ आणि ‘ल’ यांच्या संधीने झाला असून त्याचा अर्थ ‘अमुक ठिकाणचा’ एवढाच आहे. ‘द्रेनेक’ मात्र फ्रेंच नसून ब्रेतॉन, म्हणजे ब्रिटनीच्या स्थानिक भाषेतला शब्द आहे. त्या भाषेत ‘द्रेन’ म्हणजे काटे, आणि शेवटचा ‘एक’ हा प्रत्यय एखादी गोष्ट विपुल असल्याचे सांगतो. म्हणजे काटेरी झुडपांनी भरलेली जागा. फिनिस्तेर जिल्ह्यात, ब्रेस्तच्या उत्तरेला लेस्नव्हँजवळ ‘ल द्रेनेक’ नावाचे गावच आहे आणि गावाच्या पाटीवर त्याचे ‘आन द्रेनेग’ हे ब्रेतॉन रूपही लिहितात. आपला दुद्रनेक ब्रेस्तचाच होता असे सांगितले जाते, हेही येथे जुळते.

परंतु एवढ्यावरून त्याला त्या गावचा ठरवू नये. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस क्लोआर-फुएनाँ येथे द्रेनेकच्या नावाचे एक चॅपेल आहे, आणि सिझँजवळच्या धरणाच्या तलावालाही द्रेनेकचेच नाव आहे. काटेरी रान सगळीकडे होते, त्यामुळे नावही सगळीकडे पडले. पूर्वेकडे लवार-अत्लांतिक जिल्ह्यातल्या फेग्रेआक येथे हेच नाव ‘द्रेनाक’च्या जवळ जाणाऱ्या उच्चाराने आढळते आणि त्याचे शेवटचे अक्षर ‘ई, यू, सी’ असे लिहितात. मूळचा जुना ‘ओक’ हा प्रत्यय पश्चिम ब्रिटनीत ‘एक’ झाला, तर पूर्वेकडे ब्रेतॉन बोली लवकर मागे हटल्यामुळे मधलेच रूप गोठून राहिले. आपल्या माणसाच्या नावात पश्चिमेकडचा ‘एक’ आहे, एवढे खात्रीने म्हणता येते.

दर्यासारंग
काट्यांचा अर्थ बरोबर आहे, परंतु झुडपेच कशाला हवीत? ब्रेतॉन कोळी पाठीवर काटेरी पर असलेल्या समुद्री बास माशालाही याच घडणीच्या नावाने ओळखतात. ब्रेस्त हे बंदर आहे, दुद्रनेक जहाजावरून हिंदुस्थानात आला. मग आडनाव माशावरून पडले असेल असे मानायला काय हरकत आहे? आमच्याकडे किनाऱ्यावर माशांवरून पडलेली टोपणनावे चिक्कार आहेत.

रेनकर_मानसी
हरकत व्याकरणाची आहे. माशावरून टोपणनाव पडले असते तर ते ‘ल द्रेनेक’ किंवा नुसते ‘द्रेनेक’ असे आले असते. नावाआधी ‘द्यु’ लागला की तो बहुधा जागेकडेच बोट दाखवतो. नुसत्या ‘द्रेनेक’ आडनावाबद्दल आपण हा तर्क मांडला असता तर मी इतक्या सहजपणे नाही म्हटले नसते. फ्रान्सिस गुर्विल यांनी १९७० साली केवळ स्थलनामांवरून पडलेल्या ब्रेतॉन कुलनामांवर स्वतंत्र पुस्तक काढले, त्यावरून हा वर्ग किती मोठा आहे ते ध्यानात यावे.

सूचीकार
उगम समजला, आभारी आहे. परंतु आजच्या संख्येबद्दल अजून कोणीही बोललेले नाही. एक आकडा हवा आहे.

आकडेमोड
आकडा देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकांचा झरा एकच आहे, तो म्हणजे फ्रान्सच्या इन्से या सांख्यिकी संस्थेची जन्मांची नोंद. ‘जेओपात्रोनिम’सारख्या स्थळांवर १८९१ ते १९९० या शंभर वर्षांचे पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार भाग करून कोणत्या जिल्ह्यात त्या नावाची किती मुले जन्मली ते दाखवलेले असते. येथे पहिली चूक अशी होते, की लोक जन्मांची बेरीज करून ‘आज इतके लोक हे आडनाव लावतात’ असे लिहून मोकळे होतात. ती जन्मलेल्यांची संख्या आहे. त्यातले निम्मे कधीच वारलेले असू शकतात. शिवाय मूळ नोंदवही १९४० च्या दशकात तयार झाल्यामुळे त्यापूर्वी मरण पावलेली माणसे तिच्यात आलेलीच नाहीत. पहिल्या महायुद्धात पडलेल्या तरुणांच्या पिढीचा विचार केला तर १८९१ ते १९१५ हा रकाना किती तोकडा असेल ते दिसेल, आणि ब्रिटनीने त्या युद्धात फार माणसे गमावली.

दुर्मिळ नावांच्या बाबतीत आणखी एक पंचाईत आहे. इन्से जी यादी खुली करते तिच्यात फारच थोड्या लोकांची नावे स्वतंत्रपणे न देता ‘इतर नावे’ या एकाच खात्यात टाकलेली असतात. म्हणून यादीत नाव न दिसणे म्हणजे नाव नामशेष होणे नव्हे. त्यातच एक ‘एन’ की दोन, ‘द्यु’ जोडून की तोडून, मागे ‘ल’ आहे की नाही, अशा प्रत्येक रूपाची मोजणी वेगळी होते.

वंशावळवेडा
जन्माच्या नोंदींपेक्षा मृत्यूंच्या नोंदी वापराव्यात, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. १९७० पासूनची मृत्युनोंद इन्सेने २०१९ च्या अखेरीस सर्वांसाठी खुली केली आणि तिच्यात संख्येला किमान मर्यादा नाही. प्रत्येक व्यक्तीचे जन्मस्थळही तिच्यात असते, त्यामुळे आडनाव कोणत्या गावांत एकवटले आहे ते थेट दिसते. फ्रान्समध्ये स्त्रीची सरकारी नोंद जन्मनावाने होते, त्यामुळे विवाहित स्त्रियाही त्यात सुटत नाहीत.

आकडेमोड
मृत्युनोंद मेलेल्यांची संख्या सांगते, जिवंतांची नव्हे; प्रश्न ‘आज किती’ असा आहे.

वंशावळवेडा
आपली जन्मनोंद १९९० ला थांबते, म्हणजे आजचे उत्तर तीही देत नाही. निदान माझ्या नोंदीत माणूस कोठे जन्मला ते गावाच्या नावानिशी कळते. १९ व्या शतकाच्या शेवटी ब्रेतॉन माणसे रेल्वेने पॅरिसला जाऊन मोंपार्नास स्थानकाभोवती वसली, तेव्हा जिल्हावार नकाशा पाहिला तर पॅरिसही रंगलेले दिसते आणि नवखा माणूस नावाचा उगम तिथे शोधू लागतो.

कुलवृत्तांत
आपण दोघेही ज्याची मोजणी कशी करावी यावर वाद घालत आहात, ते मुळात आडनाव होते का, हे कोणी तपासले? प्रश्नकर्त्याने नाव नेहमी ‘दुद्रनेक’ एवढेच लिहिले आहे. त्याच्या साधनांत त्यामागे काही पदवी लावलेली आहे काय?

सूचीकार
इंग्रजी साधनांत सर्वत्र ‘शव्हालिए’ असे आहेच. ती पदवी असल्यामुळे मी गाळली. एका ठिकाणी ‘द्यु’ आणि ‘द्रेनेक’ तोडून छापलेले आहे, ती मुद्रणाची चूक असावी.

कुलवृत्तांत
ती चूक नसून तेच नावाचे अधिक बरोबर रूप असावे, आणि गाळलेली पदवी हीच येथे मुख्य माहिती आहे. राज्यक्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये सरदार घराण्यातल्या मुलांना, विशेषतः धाकट्यांना, ‘शव्हालिए’ म्हणण्याचा प्रघात होता आणि अशा मुलांची ओळख कुलनामाऐवजी घराण्याच्या एखाद्या वतनाच्या नावाने करून दिली जाई. दोन सख्ख्या भावांच्या नावांमागे दोन वेगळी वतने लागलेली असत, आणि तिऱ्हाइताला ते एका बापाचे मुलगे आहेत हे कळतही नसे. आपल्याकडे कुळाचे उपनाम एक असताना गावावरून ‘कर’ लावला जातो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की तिकडे ते गाव बहुधा मालकीचे असे.

ज्या पूर्वेकडच्या जागेचा उल्लेख वर आला, तिचेच उदाहरण घ्या. नांतचे १९ व्या शतकातले पुरातत्त्वज्ञ पित्र द लील द्यु द्रेनाक यांच्या नावात ‘द लील’ हे कुळाचे नाव आहे आणि द्रेनाक ही शेपटी जागेची आहे. १७९० च्या जून महिन्यात संविधान सभेने सरदारकी रद्द करताना प्रत्येकाने घराण्याचे खरे नावच लावावे असे फर्मावले, आणि २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीत नसलेले नाव लावण्यास मनाई केली. आपला दुद्रनेक तेव्हा होळकरांच्या छावणीत असल्यामुळे त्याला कोणी हटकले नाही. परंतु त्याचे भाऊबंद मायदेशी असतील तर ते दुसऱ्याच नावाने नोंदले गेले असणार. अशा स्थितीत ‘दुद्रनेक’ जोडून शोधल्यास आजच्या यादीत त्यांचे वंशज सापडण्याचे काहीच कारण नाही. पोल द कुर्सी यांच्या ब्रेतॉन घराण्यांच्या कोशात कुलनामांबरोबर वतनांचीही नावे दिलेली आहेत. शोध घ्यायचा तर तिथून सुरुवात करावी, म्हणजे वतनावरून कुळापर्यंत पोहोचता येईल. त्यानंतर ब्रेस्तच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. त्या दुहेरी ठेवण्याचा नियम १६६७ सालचा आहे.

कंपूप्रेमी
हाच न्याय मग हिंदुस्थानात आलेल्या माद्येक या दुसऱ्या फ्रेंच सेनानीलाही लावणार काय? तोही ब्रेतॉन होता आणि त्याच्याही नावाच्या शेवटी ‘एक’ आहे.

रेनकर_मानसी
रने माद्येक कँपेरचा होता आणि त्याचे नाव जागेवरून आलेले नाही. ‘माद’ म्हणजे चांगला, त्यालाच तो ‘एक’ प्रत्यय लागला आहे. त्याच्याआधी ‘द्यु’ नाही. ते खरोखरीचे कुलनाम असून फिनिस्तेरमध्ये आजही पावलोपावली भेटते. येथे माझ्या इमारतीच्या टपालपेट्यांवरसुद्धा एक आहे.

मोडीवाचक
प्रश्नकर्त्यास एक विचारतो. छापखान्यात नेमके काय द्यायचे आहे? आडनाव आज किती लोक लावतात, हे छापील मजकुरात कशाला लागते?

सूचीकार
मी पत्रसंग्रहाची व्यक्तिसूची करतो आहे. प्रत्येक परकीय व्यक्तीची नोंद आडनावाखाली घालायची, असे संपादकांनी ठरवले आहे. डी बॉयन ‘ड’खाली जातो की ‘ब’खाली, आणि दुद्रनेक ‘द’खाली की पुन्हा ‘द’खालीच परंतु ‘द्रेनेक’ म्हणून, यावर आमच्यात वाद चालू आहे. ‘दुद्रनेक’ हे आज प्रचलित आडनाव आहे असे आकड्यानिशी दाखवता आले असते तर वाद मिटला असता, म्हणून संख्या विचारली. हे सांगण्याची गरज वाटली नव्हती.

आकडेमोड
हे पहिल्याच संदेशात लिहिले असते तर मी इन्सेवर एवढे लिहिले नसते.

कुलवृत्तांत
याला संख्येची गरजच नाही. फ्रेंच ग्रंथालयांची रीत ठरलेली आहे. नावाआधी नुसता ‘द’ असेल तर तो सूचीत शेवटी टाकतात, म्हणून नोंद ‘ब्वान्य, बनुआ द’ अशी ‘ब’खाली होते. ‘द्यु’ किंवा ‘दे’ हा संधी असेल, किंवा ‘ल’, ‘ला’ हे उपपद असेल, तर ते नावाचाच भाग धरतात. त्यामुळे ‘द्यु द्रेनेक’ ही नोंद ‘द्यु’पासूनच सुरू होईल. मराठी वाचक ‘दुद्रनेक’ असेच शोधणार, तेव्हा त्या रूपाखाली ‘पाहा : द्यु द्रेनेक’ असा निर्देश द्यावा.

सूचीकार
तसेच करतो. ‘दुदर्नेक’लाही निर्देश देतो. डी बॉयनला ‘ब’खाली नेल्याबद्दल संपादक रागावतील, परंतु नियम दाखवता येईल.

कंपूप्रेमी
आणि शिंद्यांकडचा डी बॉयननंतरचा सेनापती पेरों? तो तर आडनावाने पेरों नव्हताच. त्याचे नाव पिएर क्विये. ‘पेरों’ हे ‘पिएर’चेच लाडके रूप. आपल्या संपादकांच्या नियमाप्रमाणे तो ‘क’खाली गेला पाहिजे.

सूचीकार
पेरोंच्या नोंदीची पाने कालच जुळवून झाली आहेत. तो ‘प’खालीच राहील.