शब्दचर्चा : पिसं ‘झडतात’, ‘गळतात’ की पक्षी ‘कात टाकतो’?

अंगणवासी : भाद्रपद लागल्यापासून गॅलरीत एक साळुंकी येते. डोक्यावर एकही पीस नाही, पिवळट कातडी उघडी पडली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, हिला खरूज झाली, दाणे घालू नका. मला वाटतं हे मोल्टिंग, म्हणजे जुनी पिसं जाऊन नवी येणं, असावं. त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? ‘कात टाकणे’ सुचतं, पण ते सापाचं आहे ना?

पिंपळपान : कात सापाचीच. ती एका दमात, सलग उतरते. पक्ष्याचं तसं नसतं. साळुंकी, बुलबुल, चिमणी यांच्या पंखांतली मोठी पिसं क्रमाने सुटतात, आतल्या बाजूकडून बाहेरच्या टोकाकडे. डाव्या पंखातलं एक गेलं की साधारण त्याच सुमाराला उजव्यातलं तेच जातं, त्यामुळे उडताना तोल राहतो. पावसाळ्याच्या अखेरीस डोक्यावरून जाणारा कावळा नीट पाहा, दोन्ही पंखांत सारखीच खिंड दिसेल. इतक्या शिस्तीने होणाऱ्या गोष्टीला ‘कात टाकली’ म्हणणं मला पटत नाही.

आमच्याकडे कोंबडीची ‘पिसं झडतात’ आणि मोराचा ‘पिसारा झडतो’. कोंबडी झडू लागली की अंडी देणं थांबवते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिला कुणी आजारी म्हणत नाही. हाच शब्द साळुंकीलाही चालावा.

शेवगा : ‘पानगळ’सारखा ‘पीसगळ’ का नको? एका शब्दात काम होतं आणि ऋतूही सूचित होतो.

पिंपळपान : चांगला आहे, फक्त ‘पीसगळती’ करू नका. ‘पानगळ’ म्हटलं की कुणी घाबरत नाही, ‘केसगळती’ म्हटलं की लोक औषध शोधतात. शेवटच्या ‘ती’ने अर्थ बदलतो. ‘पंख गळले’ तर मुळीच नको. पंख हा अवयव आहे, गळतं ते पीस.

माळढोक_प्रेमी : शब्द ठरवताना कारणही लक्षात घ्या. पूर्ण वाढलेलं पीस निर्जीव असतं, आपल्या नखासारखं केराटिनचं. उन्हाने, घासण्याने ते विरतं आणि त्याची दुरुस्ती होत नाही. मग खालून नवं पीस उगवतं आणि जुन्याला बाहेर ढकलतं. या कामाला भरपूर प्रथिनं लागतात. म्हणून पिल्लं उडून गेली आहेत आणि पावसामुळे किडे मुबलक आहेत, अशा काळात आपल्याकडचे बरेच पक्षी ते उरकतात. धनेशाची मादी याहून धीट. ढोलीचं तोंड लिंपून ती आत अंडी उबवते आणि त्या बंदिवासातच उडायची पिसं टाकते. तोवर नर फटीतून फळं भरवतो. मला हे दरवेळी थक्क करतं.

शेवगा : मग बागेतल्या प्रत्येक विस्कटलेल्या पक्ष्याला ‘पीसगळ’ म्हणायचं का?

माळढोक_प्रेमी : नाही, तिथे वेगळे शब्द हवेत. शेपूट नसलेल्या साळुंकीला ‘लांडी’ म्हणा. मांजराने झडप घातली की पक्षी शेपटीची पिसं मांजराच्या तोंडात सोडून निसटतो. उपटलं गेलेलं पीस लगेच नवं येऊ लागतं, अर्धवट तुटलेलं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. आखूड शेपटीचा, तोंडाच्या कडा फिकट असलेला बुलबुल म्हणजे नुकतं घरटं सोडलेलं पिल्लू. वीण संपल्यावर जांभळ्या शिंजिराचा नर चकाकी टाकून मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा राहतो. तो आजारी नाही, त्याने विणीचा रंग उतरवला आहे. सुगरणीचा नरही तसंच करतो. सातभाई मात्र बारा महिने विस्कटलेलेच.

अंगणवासी : आणि माझी साळुंकी?

माळढोक_प्रेमी : तिला ‘बोडकी’ म्हणा. बोडकं डोकं दोन कारणांनी होतं. कधी डोक्यावरची सगळी पिसं एकदमच झडतात. कधी पिसांतल्या किडी कारण असतात, कारण चोचीने सारं अंग विंचरता येतं, पण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोहोचत नाही. कातडीवर बारीक कोंब दिसू लागले, ती नीट उडतेय, खातेय, तर काही आठवड्यांत डोकं भरेल. खपल्या, सुजलेले डोळे किंवा फुगून एका जागी बसून राहणं दिसलं, तर पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारा.

काकूंना सांगा, दाणे घालायला हरकत नाही, पण भांडी रोज धुवा आणि उथळ ताटलीत पाणी ठेवा. हळद-तेल लावायला मात्र जाऊ नका. तेलाने पिसं चिकटतात आणि पावसात ती भिजून गारठेल.