अनुभव धागा: शेवटच्या बाकावरून दिसलेला वर्ग

बी.एड.ची शालेय आंतरवासिता (इंटर्नशिप) सुरू आहे. शाळा पेठेतली, अनुदानित, मराठी माध्यम, दुपारची पाळी. पाठ घ्यायला अवकाश आहे, सध्या नुसतं मागे बसून निरीक्षण. (२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेत एकूण २० आठवडे काढायचे आले. घरच्या जुन्या बी.एड.वाल्यांना हे अजून पटत नाही.)

निरीक्षण वहीतले रकाने बघा: प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, प्रश्नकौशल्य. सगळे शिक्षकाचे. मुलांच्या वाट्याला एक ओळ, 'विद्यार्थी प्रतिसाद', आणि तिथे सगळेच 'चांगला' लिहून मोकळे होतात.

काल सहावीत अपूर्णांक चालले होते. बाईंनी विचारलं की पुढच्या दोन बाकांवरचे हात वर, उत्तर आलं, बाई पुढे. माझ्या शेजारच्या रांगेतली एक मुलगी दरवेळी वहीच्या शेवटच्या पानावर उत्तर लिहून ठेवत होती. कुणी बोललं की आपलं ताडून बघायची आणि पेन्सिलीने बारीकशी बरोबरची खूण करायची. तासभरात हात एकदाही वर नाही. पुढून ती 'लक्ष नाही' अशीच दिसत असणार.

तुम्ही छात्राध्यापक असताना काय काय पाहिलंत? शिक्षक असाल तर मागे बसलेल्या आमच्यासारख्यांबद्दलही लिहा, राग येणार नाही.

खडूची धूळ:
ती मुलगी प्रत्येक वर्गात असते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. वाचताना सोपं वाटतं. वर्गात तीन सेकंद गप्प उभं राहून बघा, घाम फुटतो.

आम्हाला फ्लँडर्सची, म्हणजे वर्गात कोण कसं बोलतं ते आकड्यांत नोंदवायची, पद्धत करायला लावली होती. दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा. एकूण दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे. दहावा प्रकार 'शांतता किंवा गोंधळ'. दोन्ही एकाच खान्यात! म्हणजे मुलं विचार करत गप्प असोत नाहीतर बाकं वाजवत असोत, आकडा तोच.

नदीपात्र:
बाकं वाजवण्यावरून आठवलं. माझं निरीक्षण ऑगस्टमध्ये होतं, नववीचा वर्ग. मागची तीन-चार पोरं रोज पेंगायची. वर्गशिक्षकांनी सांगून टाकलं, 'ती वायाच गेलीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.' एकाची वही तपासायला घेतली तर तळहातावर फोड आलेले. ढोल पथकाच्या सरावाला जात होता. मग बारकाईने बघितलं तर विज्ञानाच्या तासाला बोटं बाकाखाली चालूच, आणि ठेका एकदाही चुकत नव्हता. गणपती बसल्यावर वर्ग अर्धा रिकामा झाला तो वेगळा विषय.

कोथरूडकर:
इंग्रजी माध्यम, आठवी. गटकार्य दिलं की चर्चा फर्मास, सगळी मराठीत, अधूनमधून हिंदी. मॅडम जवळ आल्या की गट चिडीचूप. त्यांच्या नोंदीत 'मुलं सहभाग घेत नाहीत'. मी ऐकलेल्या चर्चेत एकाने घनता इतकी छान समजावली होती की मलाही नव्याने कळली.

येरवड्याची ताई:
महापालिकेची शाळा, तिसरी. एक मुलगा मधल्या सुट्टीतली खिचडी अर्धी डब्यात भरून ठेवायचा आणि शेवटच्या तासाला सारखा दाराकडे बघायचा. धाकटी बहीण जवळच्या अंगणवाडीत, तिला घेऊन घरी जायचं त्याच्याकडे. वहीत 'चंचल' लिहायचं नाही असं तेव्हा ठरवलं, त्याऐवजी काय केलं तेवढंच लिहायचं. 'चार वेळा दाराकडे पाहिलं.' आमच्या मार्गदर्शक सरांना ते कोरडं वाटलं, पण त्यांनी सही केली.

डस्टर:
आमच्या इथे पाठ परीक्षणाच्या दिवशी आदल्या दिवशीचाच धडा परत घेतला. पहिल्या बाकावरचं पोरगं मोठ्याने, 'बाई, हे काल झालं!' मागे परीक्षक. पुढचं लिहीत नाही.

निवृत्त बाई:
डस्टर, अशी पोरं मला फार आवडायची.

धागाकर्तीला एक सांगते. तास सुरू झाल्यावर आत येऊ नकोस, दोन तासांच्या मधल्या घंटेला येऊन बस. सर गेलेले आणि बाई यायच्या असतात, तेव्हा कोण कुणाची वही मागतं, कुणाला कुणी काहीच विचारत नाही, पट्टी कुणाची आणि वापरतं कोण, सगळं दिसतं. पहिले दोन-तीन दिवस मुलं तुझ्याकडेच बघतील, 'ताई, लग्न झालंय का' विचारतील, त्या नोंदी सोडून दे. आणि वही उघडी ठेवून उठू नकोस, वाचतात.