जपानची राजकन्या आयको गादीवर का बसू शकत नाही?

सोनटक्का:
सम्राट नारुहितो यांना आयको ही एकच मुलगी, जन्म २००१. तरी वारसांत पहिले त्यांचे धाकटे भाऊ आकिशिनो, मग पुतण्या हिसाहितो, मग काका हिताची, तेही १९३५ सालचे. यादी इथेच संपते! पूर्वी तर आठ सम्राज्ञी होऊन गेल्या. मग आता अडतंय कुठे? घटनादुरुस्ती लागेल का?

वाटसरू:
नाही लागणार. घटनेचं दुसरं कलम एवढंच म्हणतं की गादी वंशपरंपरेची, आणि ती संसदेने केलेल्या राजघराण्याच्या कायद्याप्रमाणे चालेल. पुरुषाची अट त्या १९४७ च्या कायद्यात, पहिल्याच कलमात आहे. तो साध्या बहुमताने बदलता येतो.

खरी गल्लत वेगळीच. बाईने गादीवर बसणं हा एक प्रश्न, तिच्या मुलांनी बसणं हा दुसरा. गोत्र बापाकडून येतं तसंच इथे धरा. आठही सम्राज्ञी बापाच्या बाजूने राजवंशातल्याच होत्या. ७१५ मध्ये गेन्मेईनंतर तिची मुलगी गेन्शो आली, हे उदाहरण आईकडून चाललेल्या वारशाचं म्हणून हटकून दिलं जातं. पण गेन्शोचे वडील कुसाकाबे हे सम्राट तेन्मूंचे पुत्र. शेवटच्या गो-साकुरामाचींनी १७७१ मध्ये गादी सोडली आणि कायद्याने बंदी आली ती थेट १८८९ मध्ये. म्हणजे आयको परंपरेत बसते. तिची मुलं बसत नाहीत, आणि घोडं तिथेच अडतं.

शाईदौत:
सम्राटांनी स्वतः यावर बोलायचीही सोय नाही, कारण घटनेच्या चौथ्या कलमाने राज्यकारभाराचे सगळे अधिकार काढून घेतलेत. मंत्रिमंडळाकडून कागद येतो, ते ब्रशने सही करतात, खाली शिक्का उमटतो. १ मे २०१९ ला, गादीवर येताना, असे शिक्के आणि तलवार, रत्न ही राजचिन्हं नारुहितोंसमोर आणली, तेव्हा राजघराण्यातली एकही स्त्री त्या दालनात नव्हती. मंत्री म्हणून सात्सुकी कातायामा मात्र होत्या. राष्ट्राचं प्रतीक म्हणवणाऱ्या पदाला हे शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोनटक्का:
मग कायदा बदलत का नाहीत?

वाटसरू:
२००५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान कोइझुमी यांच्या समितीने थोरलं अपत्य, मुलगा असो वा मुलगी, अशी शिफारस केलीच होती. सप्टेंबर २००६ मध्ये हिसाहितो जन्मला आणि विषय बाजूला पडला.

२०२१ च्या समितीने वारसाक्रमाला हातच लावला नाही, फक्त माणसं वाढवायचे मुख्य असे दोन उपाय सुचवले. एक, राजकन्यांनी लग्नानंतरही घराण्यात राहावं. आज बाहेर लग्न केलं की राजघराण्याच्या कायद्याच्या बाराव्या कलमाने त्यांचं माहेर सुटतं. पण नवरा आणि मुलं सामान्य नागरिकच राहणार असतील, तर एकाच घरात नवऱ्याला मताधिकार आणि बायकोला नाही, अशी गत होईल. शिवाय वारस एकही वाढत नाही.

दुसरा उपाय दत्तकाचा, आणि मला तो जास्त कच्चा वाटतो. त्याच कायद्याचं नववं कलम दत्तकाला मनाई करतं, ते आधी बदलावं लागेल. ऑक्टोबर १९४७ मध्ये अकरा शाखांतली ५१ माणसं घराण्याबाहेर पडली. त्यांच्या वंशातले पुरुष घ्यायचे म्हणतात. आजच्या सम्राटांशी त्यांचा पुरुषवंशाचा दुवा जुळतो तो सुमारे ६०० वर्षांमागे. जन्मापासून सामान्य नागरिक असलेल्या मोजक्या पुरुषांना निव्वळ कुळाकडे बघून निवडलं, तर कुळावरून भेदभाव नको सांगणाऱ्या घटनेच्या चौदाव्या कलमाचं काय?

शाईदौत:
आणि दत्तक आलेल्यांना गादीचा हक्क नाही असं समितीनेच म्हटल्यामुळे दोन्ही उपाय केले तरी हिसाहितोच्या पिढीत दुसरा वारस नाही. त्याला मुलीच झाल्या तर त्याही त्या कायद्याच्या पहिल्या कलमाने बाद. उद्या त्याच्याशी लग्न करणाऱ्या मुलीवर केवढं ओझं असेल! राजघराण्यात आल्यावर नारुहितोंच्या पत्नी मासाको यांच्यावर मुलगा होण्यासाठी किती दबाव होता, ते जपानने पाहिलं आहे.