वेग मोजल्याचा पुरावाच नाही, तर दंड का भरायचा?

आडवळण

गेल्या महिन्यात आईला गावी सोडून पुण्याला परत आलो. चार दिवसांनी मोबाइलवर ई-चलानाचा मेसेज: वेगमर्यादेचा भंग, कलम १८३, दंड २,००० रुपये. लिंक उघडली. फोटोत माझी कार मागून दिसते, नंबरप्लेट स्पष्ट आहे, शेजारच्या लेनमध्ये एक टेम्पो आहे. वेग किती होता, तिथे मर्यादा किती, कशाने मोजलं, यातलं काहीही नाही. फोटो साध्या मोबाइलने काढल्यासारखा दिसतो.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "भरून टाक, कशाला नादी लागतोस." मी भरणार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम १८३ चं तिसरं पोटकलम वाचा. गाडी जास्त वेगात होती असं एका साक्षीदाराचं मत आहे, एवढ्यावरून कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजमापावर आधारलेलं आहे, हे दाखवावं लागतं. 'इलेक्ट्रॉनिक' हा शब्द २०१९ च्या दुरुस्तीत आला, यंत्राची अट आधीपासूनच होती. शिवाय २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. स्पीड गन असो की कॅमेरा, त्याच्या आधारे चलान काढलं तर गुन्हा दाखवणारा फोटो, यंत्राने घेतलेलं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण हे सगळं त्यासोबत द्यायचं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायचं.

माझ्या चलानात मोजमापच नाही. मग हा दंड कशाचा?

पायवाट

तुमचं सगळं लिखाण दोनदा वाचलं. 'मी मर्यादेतच होतो' हे एक वाक्य शोधत होते. ते कुठेच नाही.

माझा धाकटा भाऊ रस्ता ओलांडताना गेला. त्या गाडीचाही वेग कोणी मोजला नव्हता. गाडी कशी आली ते पाहणारी चार माणसं तेवढी होती. तुमचं पोटकलम त्या माणसांना सांगायचं का, की तुमच्या डोळ्यांना किंमत नाही?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. अशा देशात पळवाटा शोधायला मदत करणारे लेख मला सहन होत नाहीत.

आडवळण

ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. मला माहीत नाही. त्या मिनिटाला काट्याकडे पाहिलं नव्हतं. एका एसटीच्या मागे बराच वेळ होतो, तिला ओलांडलं तेवढं आठवतं. मर्यादेत होतो असं लिहिलं तर तो माझाही अंदाजच ठरेल. दोघांचेही अंदाज असतील तर यंत्राला विचारा, एवढंच माझं म्हणणं आहे.

शिक्कासही

वकिली करतो, म्हणून दोघांनाही थोडं सांगतो.

ताई, तुमच्या भावाच्या प्रकरणात ते पोटकलम आड येत नाही. जिवाला धोका होईल अशा वेगाने किंवा रीतीने गाडी चालवणं हा कलम १८४ चा गुन्हा आहे. त्याला यंत्राची अट नाही, डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष चालते. यंत्र लागतं ते १८३ ला, कारण तिथे आरोपच आकड्याचा आहे. ८० ची मर्यादा आणि ८८ चा वेग, हा फरक रस्त्याकडेला उभ्या माणसाला नजरेने सांगता येत नाही.

आडवळण, तुमचीही एक घाई होते आहे. लिंकवर मोजमाप दिसत नाही म्हणजे ते घेतलंच नाही, असं होत नाही. वेग तपासणाऱ्या पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतल्या लेझर गनची नोंद वेगळी असू शकते. आधी ती मागा. ई-चलानाच्या संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे, तिथे तीनच गोष्टी लिहा: मोजलेला वेग, यंत्राचं प्रमाणपत्र, त्या जागेची मर्यादा. फोटो खासगी मोबाइलचा वाटत असेल तर तेही लिहा. खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असा आदेश राज्याच्या वाहतूक विभागाने जुलै २०२५ मध्ये काढला आहे. प्रकरण कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ खाली असतं.

आणि तोवर पैसे भरू नका. दंड भरला म्हणजे कलम २०० प्रमाणे तडजोड झाली. मग भांडायला काही उरत नाही.

स्टेअरिंगवाला

वीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय. हे सगळं वाचायला चांगलं आहे. आमच्यासारख्याची एक तारीख पडली की त्या दिवसाचं भाडं गेलं. तारखेला साहेब आले नाहीत तर पुढची तारीख, म्हणजे अजून एक भाडं. २,००० वाचवायला ५,००० घालवू का? मी लोकअदालतीची वाट बघतो, तिथे कमी करून देतात, भरतो आणि सुटतो. तत्त्वाचं भांडण पगारी माणसाला परवडतं.

आडवळण

दादा, तुमचं गणित बरोबर आहे. मला सुट्टी मिळते, तुम्हाला मिळत नाही. पण म्हणूनच ज्याला परवडतं त्याने तरी विचारायला नको का? कोणीच विचारलं नाही तर बिनमोजमापाची चलानं तुमच्याच नावावर जास्त साचणार, कारण रस्त्यावर रोज तुम्ही असता.

यंत्रशाळा

मोजमापाच्या उपकरणांचंच काम करतो. 'यंत्र चुकतं' हा बचाव लोक फार सहज घेतात, म्हणून लिहितो. रस्त्याकडेला उभ्या रडारने गाडीचा वेग कोनातून मोजला तर आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. म्हणजे ती चूक चालकाच्या फायद्याची असते.

चालकाच्या विरुद्ध जाऊ शकते ती गोष्ट वेगळी. रडारचा झोत पसरट असतो. झोतात दोन गाड्या आल्या तर आकडा कोणत्या गाडीचा, हा खरा प्रश्न. लेझरचा झोत अरुंद असतो, नेमकी एक गाडी धरता येते. तुमच्या फोटोत शेजारी टेम्पो आहे ना? मग रडार होतं की लेझर, हे आवर्जून विचारा. रडार असेल तर वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, पडताळणीचा शिक्काही विचारा. १ जुलै २०२५ पासून तो सक्तीचा आहे.

पायवाट

१८४ चं मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तरी माझा विरोध पूर्ण मावळलेला नाही. अशा धाग्यांवरून लोक 'पुरावा दाखव' एवढंच उचलतात आणि काट्याकडे बघत नाहीत ते नाहीतच. समजा नोंद आली आणि वेग जास्त निघाला, तर मग काय?

आडवळण

तर त्याच दिवशी दंड भरीन आणि आकडा इथे लिहीन. आज सकाळी तक्रार टाकली. वेग, प्रमाणपत्र, मर्यादा, आणि यंत्रशाळांनी सांगितलेला चौथा प्रश्न, असं सगळं लिहिलं. शेवटी फोटोतल्या दोन्ही गाड्यांचा उल्लेखही केला.

पायवाट

आकडा कमी आला तरी लिहा. आणि त्या जागी मर्यादेचा फलक खरंच आहे का, ते पुढच्या वेळी गावी जाताना बघून या. आमच्या भावाच्या जागी तो नव्हता.

आडवळण

दिवाळीला जातोय. थांबून बघतो.