जुनं फ्लायव्हील फेस मारून (वरचा थर काढून सपाट करून) वापरावं की नवीनच टाकावं? गाडी खोलून पडलीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला आणि नोकरी बोरिवलीत, म्हणजे रोज जाऊन येऊन गायमुखचा घाट. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किमी झालेत, क्लच शोरूममधून आला तोच आहे. दोन महिन्यांपासून चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी ओढायचीच नाही, पण आज करू उद्या करू करत तशीच चालवली. गेल्या गुरुवारी घाटात ट्रेलर बंद पडला होता, पाऊण तास हाफ क्लचवर इंच इंच सरकत होतो आणि गाडीत जळका वास भरला. कशीबशी घरी आणली.

गॅरेजवाल्या काकांनी गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेट पार रिबिटपर्यंत घासलेली. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे सगळं नवीन येतंय, त्यावर वाद नाही. प्रश्न फ्लायव्हीलचा आहे, म्हणजे क्रँकला लागलेली ती जड चकती जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते.

ब्रेक क्लीनर मारून, फडक्याने पुसून मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट बघितलं. बाहेरच्या बाजूला रिबिटने कापलेल्या दोन गोल चरा आहेत, नख आडवं फिरवलं की अडकतं. चार ठिकाणी निळे-काळे चट्टे, पाच रुपयाच्या नाण्याएवढे, आणि त्या चट्ट्यांत एकदम बारीक रेषांचं जाळं, तळ्यातला चिखल सुकून तडकतो ना तसं. त्या रेषांवर मात्र नख अडकत नाही. रिंग गिअरचे (फ्लायव्हीलभोवतीची दातेरी कडी, स्टार्टर तिलाच फिरवतो) दोन-तीन दात कडेला खाल्लेत, पण स्टार्टर आजपर्यंत कधी घसरला नाही.

काका म्हणतात नवीनच टाक. वागळे इस्टेटमधला लेथवाला म्हणतो अर्धा मिमी फेस मारून देतो, एकदम नव्यासारखं होईल. मेहुणा म्हणतो पॉलिश पेपर मार आणि बसव. पैशांचा प्रश्न आहेच, पण त्यापेक्षा गिअरबॉक्स परत उतरवायला लागू नये आणि घाटात बायकामुलं गाडीत असताना काही होऊ नये एवढंच बघतोय. हे परत वापरता येतं का ते नक्की कशावरून ठरवायचं?

प्रतिसाद

भाऊ, मी रबाळे एमआयडीसीत बरीच वर्षं मशीन शॉपमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चरा ही सगळ्यात किरकोळ गोष्ट, त्या निघतात. पॉलिश पेपर फक्त चकाकी मारायला, त्याने पृष्ठभाग सपाट होत नाही, त्यामुळे मेहुण्यांचा सल्ला सोडून द्या. खरी काळजी चट्ट्यांची. बीड (कास्ट आयर्न) अतिशय तापून पटकन गार झालं की तेवढा भाग कडक होतो. लेथचं टूल त्या कडक जागेवर आलं की वर उचललं जातं आणि तिथे बारीक उंचवटा राहतो, डोळ्याला दिसत पण नाही. मग नवीन प्लेट टाकूनही पहिल्या गिअरला गाडी थरथरते आणि लोक नव्या प्लेटला शिव्या देतात. म्हणून टर्निंग नको, दगडावर ग्राइंडिंगच करून घ्या. तरी कडकपणा खोल गेला असेल तर चट्टे परत दिसतात, ग्राइंडरवाल्याने एक-दोन पास मारले की कळेलच.

जाळं वरवरचं असेल तर ग्राइंडिंगमध्ये निघून जातं. पण एकही रेष बाहेरच्या कडेपर्यंत किंवा बोल्टच्या भोकापर्यंत पळालेली असेल तर ते फ्लायव्हील भंगारात, तिथे विचारच करायचा नाही. ३००० आरपीएमला ते सेकंदाला ५० वेळा फिरतं आणि तुमच्या पायांपासून फार लांब नसतं. नखावर विसंबू नका, आधी डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट करा, बारीक क्रॅक शोधायची. लाल डाय मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. क्रॅक असली तर लाल रेष आपोआप वर येते.

आणि जाडी मोजा. किमान किती हवी ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल, त्याखाली जात असेल तर विषय संपला, पातळ फ्लायव्हील अजून लवकर तापतं. फ्लायव्हीलला स्टेप (प्लेट घासते ती आणि प्रेशर प्लेट बसते ती जागा वेगळ्या उंचीवर) असेल तर प्रेशर प्लेट बसते ती बाजूपण तेवढीच काढावी लागते, नाहीतर दाब बदलतो. क्रँकवर बसवल्यावर डायल गेज लावून रनआउट (फिरताना पृष्ठभाग किती डुलतो ते) बघायला सांगा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. आधी खात्री करा की ते साधं सॉलिड (एकसंध) आहे, डबल मास (दोन भागांचं, मधे स्प्रिंग असलेलं) नाही. छोट्या पेट्रोल गाड्यांत बहुधा सॉलिडच असतं, डबल मास असेल तर फेस मारायच्या भानगडीत पडू नका. रिंग गिअर वेगळी मिळत असेल तर तापवून बसवता येते, तेवढ्यासाठी अख्खं फ्लायव्हील बदलू नका. आणि दादा, एवढं खोललंच आहे तर क्रँकचं मागचं ऑइल सील टाकूनच घ्या. तेलाचा थेंब नव्या प्लेटवर गेला की सगळी मेहनत पाण्यात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फ्लायव्हील सॉलिडच आहे. काल संध्याकाळी वागळेलाच एका वर्कशॉपमध्ये डीपी टेस्ट करून घेतली, समोर उभा राहून बघितली. तीन चट्ट्यांवर नुसतं पुसट गुलाबी जाळं आलं. चौथ्यावर पाच-सात मिनिटांत केसासारखी एक लाल रेष उमटली आणि सरळ बाहेरच्या कडेला जाऊन टेकली. त्याच जागेवर मी दहा वेळा नख फिरवलं होतं, काहीच लागलं नव्हतं.

नवीन ऑर्डर केलंय, सोबत फ्लायव्हीलचे नवीन बोल्ट आणि ऑइल सीलपण. जुनं गॅरेजमध्ये कुणी चुकून दुसऱ्या गाडीला बसवू नये म्हणून त्यावर खडूने मोठी फुली मारून ठेवलीय. रनआउट मोजल्यावर आकडा इथे टाकतो.